गाठ आणि ठोका : शल्यविद्येच्या इतिहासातील एक प्रकरण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही एखादा लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही मराठेशाहीतील एखादा विषय निवडू, अशी त्यांची अपेक्षा असणार. इतिहासाच्या अध्यापनात ज्याचे आयुष्य गेले त्याच्याकडून दुसरे काय मागावे? तंजावरच्या शरभोजी राजांवर लिहावे असे आमच्याही मनात होते. परंतु गेल्या वर्षी मंडळात एक गोष्ट घडली आणि आमचे वाचन निराळ्याच वाटेला लागले.

आपल्या शहरात मोठे रुग्णालय असल्यामुळे मंडळाच्या मागील दोन खोल्या वर्षाचे बाराही महिने भरलेल्या असतात, हे सभासदांना ठाऊक आहेच. सोलापूर, नगर, जळगाव इकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक तेथे उतरतात. त्यांना भाषेची अडचण पडू नये म्हणून आमचे एक ज्येष्ठ सभासद गेली वीस वर्षे रुग्णालयात त्यांच्याबरोबर जात आले आहेत. सर्व जण त्यांना ‘काका’ म्हणतात. मूतखड्याची शंका म्हणून काकांनी स्वतःची सोनोग्राफी करून घेतली, तो खडा राहिला बाजूला आणि पोटातील महारोहिणी एके ठिकाणी फुगलेली आढळली. रुंदी ४.४ सेंटिमीटर. शल्यविशारदांनी चित्रे पाहिली आणि सांगितले, “आज काही करावयाचे नाही. रक्तदाब सांभाळा, सहा महिन्यांनी या.”

काकांच्या घरी एकच गोंधळ उडाला. पुण्याहून थोरल्या चिरंजीवांचे आणि परदेशाहून धाकट्याचे दूरध्वनी रोज येऊ लागले. पोटात फुटू शकणारी वस्तू घेऊन स्वस्थ कसे बसायचे, हा त्यांचा प्रश्न. काकू आम्हांला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही इतके वाचता, तर एवढे वाचून सांगा की डॉक्टर टाळाटाळ तर करत नाहीत ना?” आम्ही वैद्य नव्हे. पण कोणतीही गोष्ट समजून घ्यायची तर ती कशी घडत आली ते पाहावे, एवढी एकच रीत आम्हांला माहीत आहे. त्या वाचनाचा हा गोषवारा.

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. शरीरात पेशींची स्वतःचीच अवाजवी वाढ होऊन जी गाठ बनते ते अर्बुद. रोहिणीची म्हणजे शुद्ध रक्तवाहिनीची भिंत दुबळी होऊन ती फुग्यासारखी पसरते तो रोहिणीविस्फार. एक मांसाचा गोळा, दुसरी रक्ताची पिशवी. आज यंत्रावर हा भेद क्षणात दिसतो. पण शेकडो वर्षे वैद्याच्या हाताला दोन्ही ‘गाठ’च लागत. पिकलेले गळू समजून विस्फारावर शस्त्र घातले तर रोगी तेथेच रक्तस्रावाने जाई. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे याने आपल्या व्यवसायबंधूंना याच चुकीबद्दल बजावून ठेवले आहे. ओळखण्याची खूण एकच, ठोका. त्यातही मेख अशी की, रोहिणीला टेकून वाढलेले अर्बुदही नाडीबरोबर उचलले जाते. म्हणून जुने जाणते वैद्य दोन बोटे गाठीच्या दोन बाजूंना ठेवीत. बोटे नुसती वर उचलली गेली तर शेजारच्या नाडीचा धक्का, आणि ठोक्यागणिक एकमेकांपासून दूर सरकली तर विस्फार.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकराव्या अध्यायात ग्रंथी आणि अर्बुदे यांचे वर्णन आहे. त्यात ‘सिराज ग्रंथी’ म्हणून एक प्रकार सांगितला आहे. दुर्बळ माणसाने अतिश्रम केल्यामुळे सिरांच्या जाळ्यात वायू कोंडून गोल, उंच गाठ उत्पन्न होते, असे तिचे कारण दिले आहे. ती दुखरी व हलणारी असेल तर कष्टसाध्य, आणि न दुखणारी, न हलणारी, मोठी व मर्मस्थानी असेल तर तिला हात लावू नये. काही विद्वान या गाठीत रोहिणीविस्फार पाहतात. आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह आम्हांला नाही. पण कोणती गाठ सोडून द्यावी हे सांगण्याचे धैर्य त्या ग्रंथात आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. अर्बुदाविषयी सुश्रुताचा सल्ला याच्या उलट आहे. ते काढायचे तर निःशेष काढावे. अंशमात्र राहिले तरी ते विस्तवाच्या ठिणगीसारखे पुन्हा भडकून घात करते. हे वाक्य आजच्या कोणत्याही कर्करोग रुग्णालयाच्या भिंतीवर लावता येईल.

पाश्चात्त्य परंपरेत विस्फारावरील शस्त्रक्रियेचे पहिले स्पष्ट वर्णन दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य अँटिलस याच्या नावावर आहे. त्याचे मूळ ग्रंथ लुप्त झाले. ओरिबेसियस याने उतरून ठेवले म्हणून ते आपल्याला कळतात. पिशवीच्या वर आणि खाली रोहिणी बांधायची, मग पिशवी उघडून आतील रक्ताच्या गुठळ्या काढायच्या, ही त्याची पद्धत. फार मोठ्या विस्फाराला मात्र तोही हात लावीत नसे. पुढे १५५५ साली ऑग्सबुर्ग येथे व्हेसेलियस याने घोड्यावरून पडलेल्या एका सरदाराच्या पाठीतील ठोका देणारी गाठ पाहून, हा महारोहिणीचा विस्फार आहे, असे निदान केले. दोन वर्षांनी रोगी निधन पावल्यावर शवविच्छेदनात ते खरे ठरले. निदान झाले, उपाय नव्हता.

या इतिहासातील ज्या प्रकरणाने आम्हांला सर्वांत अधिक गुंतवले ते १७८५ सालचे आहे. लंडनमधील घोडागाडी हाकणाऱ्यांना गुडघ्याच्या मागे, लवणीत, असा विस्फार वारंवार होई. उंच बुटांची कड तेथे घासते म्हणून होतो, असे लोक म्हणत. पुढे उपदंशाकडे बोट दाखवले गेले. त्या काळी उपाय दोनच होते. अँटिलसच्या रीतीने पिशवी उघडणे किंवा मांडीतून पाय कापणे. पर्सिव्हल पॉटसारखा नामांकित शल्यविशारदही पाय कापणे पत्करी. जॉन हंटर याने विचार केला तो असा : पिशवीच्या लगतची रोहिणी स्वतःच रोगट असते. तेथे दोरा बांधला की तो भिंत कापून निघतो आणि रोगी रक्तस्रावाने दगावतो. मग बांधायचे ते वर, मांडीत, जेथे रोहिणी निरोगी आहे. पिशवीतील रक्त गोठेल आणि शरीर ते हळूहळू शोषून घेईल. प्रश्न उरला पायाचा. मुख्य वाट बंद केल्यावर त्याला रक्त कोठून मिळणार? हंटरचे उत्तर होते की, लहान लहान आडवाटा रुंद होतात आणि काम भागवतात. रिचमंड उद्यानातील एका हरणाच्या मानेतील रोहिणी बांधून त्याने हे पाहिले, शिंग आधी गार पडले आणि काही दिवसांनी पुन्हा उबदार झाले, अशी कथा सांगतात. कथा सुंदर आहे. ती जशीच्या तशी घडली का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

त्या वर्षीच्या डिसेंबरात सेंट जॉर्ज रुग्णालयात पंचेचाळीस वर्षांच्या एका गाडीवानावर हंटरने हा प्रयोग केला. भूल नव्हती, निर्जंतुकीकरणाची कल्पनाही नव्हती. त्याने मांडीतील रोहिणीवर चार दोरे बांधले, तेही बेताच्या ताणाने, भिंत कापली जाऊ नये म्हणून. जखम चिघळली, रक्तही गेले, तरी पाय जिवंत राहिला. जानेवारीअखेर गाडीवान आपल्या पायांनी रुग्णालयाबाहेर पडला आणि पुन्हा गाडी हाकू लागला. सुमारे सव्वा वर्षाने तो तापाने वारला. त्या पायाचे विच्छेदन झाले तेव्हा पिशवी आक्रसून कठीण गोळ्यासारखी झालेली दिसली. हंटरच्या अशा चौथ्या रुग्णाने तर पुढे पन्नास वर्षे काढली.

अशा यशानंतर धाडसाला पंख फुटतात. हंटरचा शिष्य ॲस्टली कूपर याने १८०८ मध्ये मानेतील विस्फारासाठी ग्रीवा रोहिणी बांधली आणि रोगी वाचला. १८१७ च्या जूनमध्ये त्याच्यापुढे जांघेतील विस्फार फुटलेला एक हमाल आला. रक्तस्राव कोठेच आवरेना, तेव्हा कूपरने पोट उघडून प्रत्यक्ष महारोहिणीच बांधली. रोगी चाळीस तास जगला. हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर आम्ही बराच विचार केला. मरणाच्या दारातील माणसावर केलेला तो शेवटचा उपाय होता, आणि कूपरने आपले अपयश लपवले नाही, ही आमच्या मते त्याची थोरवी. याच काळात तंजावरास आपले शरभोजी राजे नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे करवून घेत होते, हे जाता जाता सांगितल्याशिवाय आमच्याने राहवत नाही.

छातीतील विस्फाराला बांधणे अशक्य. म्हणून १८६४ मध्ये लंडनच्या चार्ल्स मूर याने पिशवीत २६ यार्ड लोखंडी तार भरली, की तिच्याभोवती रक्त गोठावे. रोगी काही दिवसांतच गेला. पुढे कोणी त्या तारेतून वीजही सोडून पाहिली. वाचताना अंगावर काटा येतो, पण ही माणसे निर्दय नव्हती, निरुपाय होती.

भूल आली ती १८४६ मध्ये, आणि तीही एका गाठीच्या निमित्ताने. बोस्टन येथे १६ ऑक्टोबर रोजी मॉर्टन याने ईथर हुंगवला आणि वॉरन याने एका तरुणाच्या जबड्याखालील रक्तवाहिन्यांच्या गाठीवर शस्त्र चालवले. वीस-एकवीस वर्षांनी लिस्टरचा जंतुनाशनाचा मार्ग आला. आता हातात वेळ होता. वेळ मिळाल्यावर शल्यविशारद बांधणे आणि कापणे यांच्या पलीकडे जाऊन शिवण्याचा विचार करू लागले.

१८८८ साली न्यू ऑर्लिन्स येथे रुडॉल्फ मातास या तरुण शल्यविशारदापुढे बंदुकीचे छर्रे लागून दंडात विस्फार झालेला एक मळेकामगार आला. मातासने हंटरच्या रीतीने वर बांधले. काही दिवसांत ठोका परत आला. मग खाली बांधले. तरी ठोका जाईना. शेवटी पिशवी उघडली, तेव्हा आतल्या भिंतीवर लहान लहान तोंडे उघडलेली दिसली. ज्या आडवाटांनी हंटरच्या गाडीवानाचा पाय वाचवला, त्याच येथे पिशवीत रक्त भरत होत्या. मातासने ती तोंडे आतूनच एकेक करून शिवली. हात वाचला. एकाच तत्त्वाने एका रोग्याला तारावे आणि दुसऱ्याला छळावे, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

रक्तवाहिनीला रक्तवाहिनी शिवण्याची कला अलेक्सी कारेल याने १९०२ मध्ये लियाँ शहरात सिद्ध केली. १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांचा त्याच शहरात खून झाला आणि फाटलेली नीला कोणाला शिवता आली नाही, ही खंत त्याच्या मनात होती. बारीक सुई-दोरा हाताळण्याचे धडे त्याने तेथील एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून घेतले. १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते कारेलला. आमच्या मते त्यातला वाटा त्या बाईचाही होता.

येथे थोडे थांबून अर्बुदांकडे वळू. दुर्मीळ अर्बुदांचे दोन प्रकार रोहिणीच्या या कथेत येऊन मिसळतात. पहिला मानेतला. ग्रीवा रोहिणी जेथे दुभागते त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. रक्तातील प्राणवायू कमी झाला की त्याला कळते. क्वचित त्याचे अर्बुद होते. पेरू देशातील अँडीज पर्वतावर, विरळ हवेत राहणाऱ्यांत ते अधिक आढळते. मेंदूला जाणाऱ्या रोहिणीला ते वेढा घालून बसते. १८८६ मध्ये मायड्ल याने ते काढले, पण रोहिणी बांधावी लागली. रोगी वाचला तो वाचा आणि अर्धे अंग गमावून. १८८९ मध्ये आल्बर्ट याने रोहिणी न बांधता ते सोलून काढले. तेव्हापासून नियम हाच, की अर्बुद काढायचे, रोहिणी राखायची.

दुसरा प्रकार अधिवृक्क ग्रंथीतला, मूत्रपिंडाच्या माथ्यावरचा. या अर्बुदातून रक्तदाब चढवणारे द्रव्य मध्येच उसळी मारून रक्तात येते. रोग्याला घाम फुटतो, छाती धडधडते, डोके फुटेल असे वाटते. दोन झटक्यांच्या मध्ये तो अगदी धडधाकट. लोक त्याला मनाचा खेळ म्हणून हसण्यावारी नेत. १९२६ मध्ये लोझान येथे रू याने आणि १९२७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मेयो याने असे अर्बुद यशस्वीपणे काढले. मेयोची रुग्ण एक जोगीण होती. शस्त्रक्रियेत गाठीला नुसता हात लागला तरी रक्तदाब भडकतो आणि तिची नीला बांधताच कोसळतो. म्हणून कितीतरी रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावरच गेले. १९५० नंतर त्या द्रव्याला अडवणारी औषधे मिळाली, शस्त्रक्रियेपूर्वी ती काही दिवस देण्याचा प्रघात पडला आणि मृत्यू पुष्कळच घटले. घाई न करणे हाच येथे अर्धा उपचार ठरला.

आता पुन्हा महारोहिणी. १९५१ च्या मार्चमध्ये पॅरिस येथे शार्ल द्युबोस्त याने पोटातील विस्फार समूळ काढून तेथे एका मृत तरुणीच्या शरीरातून जतन केलेली महारोहिणी शिवली. कूपरनंतर १३४ वर्षांनी रक्ताची मुख्य वाट मोडून पुन्हा जोडली गेली. पण मृतांच्या रोहिण्या किती मिळणार? न्यूयॉर्कच्या व्हूऱ्हीज या तरुणाला प्राण्याच्या हृदयात राहिलेला रेशमी दोरा काही महिन्यांनी चकचकीत अस्तराने मढलेला दिसला. दोऱ्यावर अस्तर येते, तर कापडाच्या नळीवर का येऊ नये? पहिली नळी त्याने रेशमी हातरुमालाची केली. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी याने डेक्रॉनचे कापड आणून पत्नीच्या शिलाईयंत्रावर नळ्या शिवल्या. शिवण त्याला बालपणी आईने शिकवली होती. घरातल्या मुलांना शिवण शिकवायची की नाही, याचा मंडळाच्या महिला शाखेने यावरून विचार करावा.

या कापडी नळ्या येण्याआधीची एक प्रसिद्ध हकीकत आहे. १९४८ च्या डिसेंबरात ब्रुकलिन येथे रुडॉल्फ निसेन याने आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे पोट उघडले, तो महारोहिणीचा मोठा विस्फार. त्याने पिशवीभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्याच्या क्षोभाने बाहेर जाड व्रण येऊन भिंतीला आधार मिळावा, हा हेतू. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये विस्फार फुटू लागला, तेव्हा शस्त्रक्रियेचा सल्ला त्यांनी शांतपणे नाकारला आणि १८ एप्रिलला ते गेले. उलट डिबेकीचे पाहा. २००५ च्या अखेरीस त्याच्याच महारोहिणीच्या भिंतीचे थर फाटले. त्यानेही आधी शस्त्रक्रिया नाकारली. पण शुद्ध हरपल्यावर पत्नीच्या आग्रहाने त्याच्या शिष्यांनी त्याचीच पद्धत त्याच्यावर योजली. तेव्हा तो ९७ वर्षांचा होता. तो वाचला, आणि २००८ पर्यंत जगला. या दोघांपैकी कोणाचे चुकले, असे आम्हांला कोणी विचारले तर आमच्यापाशी उत्तर नाही.

मेंदूतील विस्फाराची कथा स्वतंत्र लेखाची आहे. १९३१ मध्ये एडिंबरोच्या नॉर्मन डॉट याने रोग्याच्या मांडीचा स्नायू घेऊन मेंदूतील विस्फाराभोवती लपेटला. १९३७ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी याने विस्फाराच्या मानेवर चांदीचा चिमटा लावला. आपल्याकडे मेंदूच्या शल्यविद्येचा पाया १९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी आणि १९५० मध्ये मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी घातला. कर्करोगाच्या अर्बुदांसाठी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्येच उघडले होते. तेथे कीर्ती मिळवलेले डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे मूळचे गोव्याचे. १९९० मध्ये ब्वेनोस आयरेसच्या परोदी याने जांघेतून नळी सरकवून पोट न उघडता आतूनच विस्फार बंद केला; त्याच सुमारास मेंदूतील विस्फारातही मऊ प्लॅटिनमची तार सोडण्याची पद्धत निघाली. मूरची तार सव्वाशे वर्षांनी परत आली, पण केसासारखी बारीक होऊन.

राहिला काकूंचा प्रश्न. तंत्र एवढे सुधारल्यावर काढून का टाकू नये? याचेही उत्तर इतिहासातच मिळाले, आणि तेही अलीकडच्या. ब्रिटनमध्ये ४ ते ५.५ सेंटिमीटर विस्फाराचे १०९० रुग्ण घेऊन निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया केली, उरलेल्यांवर नुसती नजर ठेवून वाढ झाली तरच केली. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. २००२ मध्ये अमेरिकेतील अशाच पाहणीने तेच सांगितले. लहान विस्फार फुटण्याचा धोका, शस्त्रक्रियेच्या धोक्याहून मोठा नव्हता. ५.५ ही रेषा तेथून आली. डॉक्टर टाळाटाळ करत नव्हते. दोन हजारांहून अधिक माणसांच्या अनुभवावर हात ठेवून बोलत होते.

हे सारे आम्ही एका संध्याकाळी काकांच्या घरी बसून सांगितले. दोन्ही चिरंजीव दूरध्वनीवर ऐकत होते. धाकट्याने पुष्कळ शंका काढल्या, त्या रास्त होत्या. काकांनी गाडीवानाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली आणि म्हणाले, “म्हणजे तो पुन्हा गाडी हाकू लागला तर.” त्या आठवड्यात त्यांनी चाळीस वर्षांची विडी सोडली; विस्फार वाढण्यास धूम्रपानाइतके दुसरे काही कारण होत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितले होते, पण ते मनावर घेतले नव्हते. पुढल्या तपासणीत आकडा ४.५ आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या खोलीत उतरलेल्या बार्शीच्या एका कुटुंबाला घेऊन ते नेहमीप्रमाणे रुग्णालयाच्या रांगेत उभे होते. त्यांची पुढची तारीख मार्गशीर्षात आहे.